पत्र्याखालचं 'अहो'

इथले गूढ अनुभव मी गेलं वर्षभर वाचतेय, आणि खरं सांगते, निम्म्या वेळा हसतेच. मी शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवते. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला आधी जाऊ देते आणि मग मी जाते, एवढाच माझा आणि अपशकुनाचा संबंध. आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त लोणच्यात असते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण नवरा म्हणाला, "तू लिही, नाहीतर मी लिहितो." त्याने लिहिलं असतं तर त्यात लेन्सचा नंबर आणि शटर स्पीड यापलीकडे काही आलं नसतं. म्हणून मीच बसले.

तर नवरा. विनायक. आम्ही डोंबिवलीला राहतो. चार वर्षांपूर्वी त्याने नोकरीतून लवकर निवृत्ती घेतली आणि पक्ष्यांच्या मागे लागला. अगदी शब्दशः मागे लागला! पहाटे उठायचं, हिरवे कपडे घालायचे, हातभर लांब लेन्स गळ्यात अडकवायची आणि चिखलात बसायचं. मी म्हटलं, असू दे. पन्नाशीनंतर माणसं याहून वाईट गोष्टींच्या मागे लागतात.

पण पहिल्या दोन वर्षांत आणखी एक झालं. त्याला ऐकू येईनासं झालं. म्हणजे ठार बहिरा नाही... पण मी "भात लावू का?" विचारलं की तो "उद्या लावू" म्हणायचा. टीव्ही एवढा मोठा की खालच्या मजल्यावरचे लोक आमच्याच बातम्यांवर भागवायचे. मी कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की ठरलेलं उत्तर, "मला छान ऐकू येतं. तुम्ही सगळे पुटपुटता."

लोकांना यात गंमत वाटते. मलाही सुरुवातीला वाटायची. पण नवऱ्याशी सतत ओरडून बोलायचं म्हणजे काय, ते सांगते. ओरडून फक्त कामाचं बोलता येतं. गॅस संपला, बेल वाजली, औषध घेतलंस का... एवढंच. "आज उगाचच उदास वाटतंय रे" हे वाक्य कोणी ओरडून म्हणू शकतं का? एके दिवशी माझ्या लक्षात आलं की दोन वर्षांत आम्ही दोघं एकदासुद्धा हळू आवाजात बोललेलो नाही. त्या रात्री मी थोडी रडले. तेही त्याला ऐकू गेलं नाही.

आता डिसेंबर २०१७. विनायकच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं की तलासरी तालुक्यात झरीच्या बाजूला रानपिंगळा दिसला. रानपिंगळा म्हणजे छोटं घुबड, फार दुर्मिळ. पक्षी टिपणाऱ्यांना तो दिसणं म्हणजे साक्षात्कारच. आणि याची खासियत अशी की हा दिवसाढवळ्या फिरतो. म्हणजे बिचारा घुबड असूनही वेळेवर झोपतो.

"आपण जाऊया," विनायक म्हणाला. "चार दिवस. तुझी रजा शिल्लक आहे."

मी संधी साधली. म्हटलं, "येते. पण एक पैज. पिंगळ्याचा आवाज तू तुझ्या कानांनी ऐकलास, तर मी डॉक्टरचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही ऐकलास, तर परत आल्यावर पहिल्या सोमवारी तू स्वतःच्या पायांनी कान तपासायला जायचं."

हे मी दोनदा ओरडून सांगितलं, तेव्हा पैज लागली.

डहाणू स्टेशनला उतरलो तर आभाळ भरलेलं. डिसेंबरमध्ये! समुद्रात कुठेतरी वादळ झालं होतं आणि त्याची शेपटी आमच्या सुट्टीवर येऊन पडली होती. तलासरीपर्यंत एसटीने गेलो, पुढे रिक्षा. रिक्षावाला अर्धा मराठी, अर्धा गुजराती बोलत होता. त्याने विनायकच्या लेन्सकडे बघून मला सांगितलं, "बेन, वरसाद, पाऊस येतो हाय, ते भोंगा पिशवीत घाला." विनायकने मान डोलावली आणि म्हणाला, "हो, परवा निघू."

झरीच्या बाहेर टेकडीच्या पायथ्याशी देवजीभाऊंचं घर होतं. देवजीभाऊ पन्नाशीचे, शिडशिडीत, शेती भाताची. त्यांची बायको लखमीबाई. मुलगी सोनी लग्न होऊन गेली, तिची खोली आता पक्षी बघायला येणाऱ्यांना देतात. कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, वर नवा पत्रा. मागे चुलीची पडवी, तिच्यावरही पत्रा. पुढे खळं, खळ्यात पेंढ्याची मोठी उडवी रचलेली. उडवीच्या पलीकडे शेतं, आणि शेतांच्या पलीकडे नाल्याला लागून रान सुरू. सगळं मी नीट सांगतेय, कारण पुढे अंतराला महत्त्व आहे.

पहिले दोन दिवस नुसता पाऊस. पत्र्यावर असा वाजत होता की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं मलाही ऐकू येईना. विनायकला भारी आनंद झाला. "बघ! आता तूही 'काय? काय?' करतेयस!"

चहा देताना लखमीबाई विचारायच्या, "गूळ घालू?" हा म्हणायचा, "डोंबिवलीहून." पहिल्यांदा त्या गोंधळल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारणंच सोडलं आणि गूळ घालून मोकळ्या झाल्या.

देवजीभाऊ मात्र काळजीत होते. वर्षाचा पेंढा अवेळी भिजत होता. दिवसातून दहा वेळा ते उडवीवर चढून ताडपत्री ओढत आणि आभाळाकडे बघून काहीतरी म्हणत. जे म्हणत ते इथे लिहिता येणार नाही.

पाऊस जरा थांबला की विनायक कॅमेरा घेऊन रानात पळायचा. मग पुन्हा सर आली की मी छत्री घेऊन त्याला शोधायला. आणि शोधायचं म्हणजे काय, हाका मारायच्या. "विनायक! वि-ना-यऽऽक!" शाळेच्या मैदानावर कमावलेला आवाज आहे माझा. नाल्यातले बगळे उडायचे, टेकडीवरच्या गाई माना वर करायच्या. फक्त विनायक तेवढा हलायचा नाही. दहा पावलांवर पाठमोरा बसलेला असायचा, शांत, एखाद्या दगडासारखा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लखमीबाईंनी मला बाजूला घेतलं. चेहरा गंभीर.

"बाई, रानात धन्याचं नाव घेऊन हाका मारू नका."

"का हो?"

"पिंगळ्याचं रान हाय ते. पाखरू नाव धरतं. एकदा नाव धरलं का मंग तेच नाव बोलत राहतं झाडावर, आणि इकडं माणूस झिजत जातो."

मी शिक्षिका. तोंड उघडलंच होतं समजावायला. पण त्यांच्या डोळ्यांत इतकी खरी काळजी होती, आणि तीही चार दिवसांच्या पाहुण्यासाठी... मी तोंड मिटलं.

"मग हाक कशी मारू? त्यांना तर नावाने हाक मारली तरी ऐकू येत नाही."

"तुमच्यात काय बोलतात? आहो बोलतात ना?"

आता इथे एक सांगायला हवं. आमचं लग्न झालं तेव्हा सासूबाईंसमोर मी वर्षभर त्याला 'अहो' म्हणत होते. मग आम्ही वेगळं घर केलं, आणि उंबरठा ओलांडल्या ओलांडल्या मी 'अरे विनायक' सुरू केलं. 'अहो' तिकडेच राहिलं, जुन्या घरातल्या पाट्या-वरवंट्याबरोबर. पण लखमीबाईंचा मान ठेवायचा म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी मी खळ्यात उभी राहून म्हटलं, "अहो! छत्री विसरलास!"

हे मात्र त्याला ऐकू गेलं. कारण मी कानाजवळ जाऊन ओरडले होते. त्याने आधी मागे वळून पाहिलं, की ही दुसऱ्या कोणाला म्हणतेय.

"अहो? मला? बरी आहेस ना?"

"नाव घ्यायचं नाही म्हणे रानात."

"पान खायचं नाही? मी कधी खातो?" असं म्हणून तो गेला. काखेत घडीचं स्टूल, गळ्यात कॅमेरा. देवजीभाऊंनी त्याला जागा सांगून ठेवली होती – नाल्याकाठी सावरीचं एक जुनं वाळलेलं झाड, त्याच्या ढोलीत पिंगळा बसतो असं त्यांचं म्हणणं. घरापासून त्या झाडापर्यंत सहाशे चाळीस पावलं आहेत. नंतर मोजली. खोडच आहे माझी.

दहा-साडेदहाला पुन्हा पाऊस आला, या वेळी वाऱ्यासकट. देवजीभाऊ पळत उडवीवर चढले. मी म्हटलं, आणायला जावं का... पण दोन दिवस भिजून माझं डोकं धरलं होतं. जाऊ दे, म्हटलं. प्लास्टिकचा झगा आहे अंगावर, विरघळत नाही तो.

मी चुलीपाशी लखमीबाईंजवळ बसले. त्या तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या, तव्यावर सुकट परतत होती. वर पत्र्यावर पाऊस नुसता थयथयाट करत होता. आणि दोन बायका चुलीपाशी बसल्या की विषय कुठला निघणार? नवरे.

"तुम्ही काय हाक मारता देवजीभाऊंना?" मी विचारलं.

"सोनीचा बा."

"आणि सोनी व्हायच्या आधी?"

त्या जरा लाजल्या. "काय नाय. भांडं वाजवायचे."

मी हसून हसून लोळायची बाकी राहिले. मग त्या म्हणाल्या, "तुमी सांगा. नवीन होतात तेव्हा कशी हाक मारायचात?"

आता का कोण जाणे, पण मी त्यांना करून दाखवलं. दीड खोलीचं घर, पलीकडे सासूबाई कान लावून बसलेल्या, आणि नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलवायचं तर कसं? मी नसलेला पदर सावरला, मान खाली घातली आणि अगदी हळू, अगदी लाडात म्हटलं, "अहो... इकडे या ना जरा."

एवढंच. पिठाचा हात तोंडावर धरून लखमीबाई हसल्या. मग त्यांनाही चेव आला. त्यांनीही मान वाकडी केली आणि कुजबुजल्या, "सोनीच्या बा... ये ना रं." आणि आम्ही दोघी कॉलेजच्या पोरींसारख्या खिदळलो. त्या पावसात आमचं आम्हालाच जेमतेम ऐकू येत होतं, हे लक्षात ठेवा.

हसू थांबलं न थांबलं तोच लांबून धप्प असा आवाज झाला. ढगाचा नव्हता. जमिनीतून आल्यासारखा होता. लखमीबाईंच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"झाड पडलं," त्या म्हणाल्या. "नाल्याकडं."

मी कशी उठले, कशी पळाले, मला आठवत नाही. चप्पल नव्हती, छत्री नव्हती. शेताच्या बांधावरून दोनदा घसरले. डोक्यात एकच – बहिरा माणूस. झाड मोडताना आधी कडकडतं, कान असलेला माणूस उठून पळतो. पण याला ऐकूच येणार नाही! दोन वर्षं मी पैजा लावत बसले, ओढत नेलं का नाही डॉक्टरकडे? मी ओरडत होते, "विनायक! विनायक!" आणि मागून लखमीबाई ओरडत होत्या, "बाई, नाव नका घेऊ!" मग मी "अहो! अहो!" करत पळाले. त्या वेळी मला कोणी सांगितलं असतं तर मी भांडंसुद्धा वाजवलं असतं.

नाल्यापाशी पोचले तर काय... ते वाळलेलं झाड मुळातून उखडून आडवं. त्याच्या खोडाखाली विनायकचं घडीचं स्टूल, म्हणजे त्याचे दोन पाय दिसत होते. स्टूलचे.

आणि तिथून वीस-पंचवीस पावलांवर, घराच्या बाजूला, आमचे हे उभे! पाठ झाडाकडे, डोळा कॅमेऱ्याला, आणि खट् खट् खट् फोटो चाललेत. समोर सागाच्या फांदीवर एक ओलंचिंब, फुगलेलं, मुठीएवढं घुबड बसलेलं, जणू त्याला कोणीतरी शाळेबाहेर उभं केलंय. शेजारी देवजीभाऊ कोयता हातात धरून, तोंड उघडं टाकून कधी झाडाकडे, कधी विनायककडे बघत होते.

मी जाऊन विनायकचा दंड धरला. घुबड उडालं.

"अगं! उडवलंस ना!" तो चिडला. "आत्ता इतकं गोड बोलावलंस, आणि आता हे काय?"

"मागे बघ," मी म्हटलं. त्याला ऐकू आलं नाही. मी धरून त्याला मागे वळवला.

त्याला झाड पडलेलंच माहीत नव्हतं. देवाशपथ! त्याने झाड बघितलं, स्टूलचे पाय बघितले, आणि मटकन चिखलात बसला. मीही बसले. आणि त्याच्या त्या प्लास्टिकच्या झग्यावर डोकं ठेवून मी भोकाड पसरलं. मला तेव्हा कोणाची लाज वाटली नाही.

जरा वेळाने तो म्हणाला, "तू बोलावलंस म्हणून उठलो. नाहीतर..."

"मी नाही बोलावलं."

"अगं, बोलावलंस ना! मागून, अगदी जवळून. मी उठून आलो तर तू नाहीस, आणि हा समोर बसलेला. म्हटलं पक्षी दाखवायला बोलावलंस आणि लपलीस."

"मी घरी होते रे! चुलीपाशी!"

देवजीभाऊ मध्ये पडले. लखमीबाईंकडे वळून म्हणाले, "आणि तू कोठं होतीस? मला हाक मारलीस नाल्याकडून, म्हणून उडवी सोडून पळालो मी. ताडपत्री गेली ना उडून!"

लखमीबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की त्यांच्या पिठाच्या बोटांचे ठसे माझ्या बाहीवर उमटले. अगदी हळू त्या म्हणाल्या, "बाई... आपण बोललो ना. चुलीपाशी."

तोपर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं! मी ठामपणे 'नाही बोलावलं' म्हणत होते, कारण ती हाक नव्हतीच हो, नक्कल होती. पावसाने गच्च वाजणाऱ्या पत्र्याखाली, सहाशे चाळीस पावलांवर, कुजबुजत केलेली नक्कल.

आता माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी लखमीबाईंना खूण केली की गप्प राहा, आणि दोघांची वेगवेगळी तोंडी परीक्षा घेतली. विनायकला पडलेल्या झाडाच्या पलीकडे नेलं. "नेमकं काय म्हटलं मी? शब्दन् शब्द सांग."

"म्हणालीस, 'अहो, इकडे या ना जरा.' "

'जरा'सकट. आणि मग चिखलाने माखलेल्या चष्म्यातून माझ्याकडे बघत म्हणाला, "हळूच म्हणालीस. आई पलीकडे असायची तेव्हा म्हणायचीस, तसं."

मी त्या पडलेल्या खोडावरच बसले.

देवजीभाऊंना विचारलं. ते आधी सांगेनात. मग जमिनीकडे बघत पुटपुटले, "बोलली, 'सोनीच्या बा, ये ना रं.' पण असं ती कधी बोलत नाय. म्हणून तर पळालो, म्हटलं हिला झालं काय!"

आता तुम्ही म्हणाल, वाऱ्याने आवाज वाहून नेला असेल. मीही आधी तेच म्हटलं. पण वारा नाल्याकडून घराकडे होता, ताडपत्री उडून आमच्याच पडवीवर येऊन पडली होती. आणि तो कुजबुजीचा आवाज उडवीवरच्या देवजीभाऊंना घराकडून यायला हवा होता. त्यांना तो उलट बाजूने, नाल्याकडून आला. बरं, वाऱ्याने नेला म्हटलं तरी विनायकला ऐकू कसा आला? ज्या माणसाला शेजारी पडलेलं झाड ऐकू आलं नाही, त्याला 'जरा' कसं ऐकू आलं?

कोणी म्हणेल, पिंगळाच ओरडला असेल. खरं आहे, रानपिंगळ्याचं ओरडणं दोन तुकड्यांत असतं, 'ओ... वऽ' असं काहीतरी. माणसाला ते 'अहो' वाटू शकतं. मोबाइलवर त्याचा आवाज मी दहा वेळा लावून पाहिला. 'अहो'पर्यंत ठीक आहे. पण 'इकडे या ना जरा' म्हणणारा पिंगळा असेल तर मी त्याला माझ्या वर्गात प्रवेश द्यायला तयार आहे.

पण या पिंगळ्याच्या शक्यतेवरून खरी गंमत पुढे झाली. रात्री जेवताना मला पैज आठवली. मी विनायकला ओरडून समजावलं, "हे बघ, तो पिंगळ्याचा आवाज असेल तर तू पैज जिंकलास. तू स्वतःच्या कानांनी ऐकलास. डॉक्टरचं नाव मी पुन्हा काढणार नाही."

त्याने हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. हा माणूस गेली दोन वर्षं त्या डॉक्टरचं नाव काढलं की ताटावरून उठायचा, हे लक्षात घ्या. त्याला फक्त 'हो, पिंगळाच होता' एवढं म्हणायचं होतं.

"नाही," तो म्हणाला. "तूच होतीस. तुझा आवाज मला कळत नाही का?"

आणि मग हळूच, "सोमवारी जातो मी."

लखमीबाई मान खाली घालून ताटं उचलायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. मी प्रयोग केला, करणारच. विनायकला झाडापाशी उभं केलं, देवजीभाऊंना उडवीवर, आणि चुलीपाशी बसून तस्संच म्हटलं, "अहो, इकडे या ना जरा." एकदा नाही, अकरा वेळा. दोघंही जागचे हलले नाहीत. तीन कोंबड्या तेवढ्या आल्या. लखमीबाईंनी आपलं वाक्य म्हणायला साफ नकार दिला. म्हणाल्या, "एकदा दिलं ना त्यानं? परत परत मागू नये." कोणी दिलं, ते मी विचारलं नाही. निघताना त्या मला म्हणाल्या, "नाव नाय घेतलंत म्हणून धनी वाचला." मी एरवी यावर पाऊण तास बोलले असते. त्या दिवशी वाकून नमस्कार केला.

फोटोंचं म्हणाल तर एकशे बारा निघाले. लेन्सच्या आत वाफ धरली होती, त्यामुळे सगळ्यांत धुक्यातला एक गोळा आहे आणि गोळ्याला दोन डोळे. तो रानपिंगळा की साधा पिंगळा, यावर ग्रुपवरची तज्ज्ञ मंडळी अजून भांडतायत. एकाने तर तो वाटाण्याच्या शेंगांचा ढीग आहे असं मत दिलं.

विनायक सोमवारी गेला. स्वतःच्या पायांनी. तपासून आल्यावर कागद माझ्यापुढे ठेवला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की हळू आवाज तर सोडाच, पावसात कोणी शेजारी उभं राहून नेहमीच्या आवाजात बोललं तरी यांना शब्द कळणं अवघड आहे. पुढच्या खेपेला मीही बरोबर गेले. "कुजबूज?" मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. आता दोन्ही कानांत मशीन आहे. पहिल्या दिवशी मशीन घालून घरात आला आणि दचकून म्हणाला, "आपला फ्रिज एवढा बोलतो?"

आम्ही आता हळू बोलतो. उगाच उदास वाटलं तर मी सांगते. तोही सांगतो. एवढं मिळालं, त्या चार दिवसांच्या फसलेल्या सुट्टीतून.

बाकी, काय होतं ते, मला माहीत नाही. दोन वर्षं होतील आता. विज्ञानाची बाई म्हणून जेवढं शोधता येईल तेवढं शोधलं, जेवढ्यांना विचारता येईल तेवढ्यांना विचारलं. हाती भोपळा.

फक्त एक होतं. रात्री झोपताना तो मशीन काढून डबीत ठेवतो, आणि सकाळी चहा होईपर्यंत घालत नाही. तेवढा वेळ तो पूर्वीसारखाच. आणि पाऊस असला ना, स्वयंपाकघराच्या खिडकीवर आमचाही पत्रा आहे, तो वाजायला लागतो. अशा सकाळी कधीकधी तो अंथरुणातून उठून, डोळे चोळत, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो.

"बोलावलंस?"

मी बोलावलेलं नसतं. तोंडातून शब्दही काढलेला नसतो, चहाचं आधण बघत उभी असते. सुरुवातीला मी "नाही रे" म्हणायचे, आणि तो "बरं" म्हणून परत फिरायचा.

आता मी "हो" म्हणते.